गाळलेली अकरा पानं

सुमेधा बिडकरच्या बोटांखाली नदी उमटली तेव्हा ती एकटीच मोठ्यानं हसली.

सांगलीतल्या त्या प्रकाशनसंस्थेत प्रत्येक नवं ई-पुस्तक आधी तिच्याकडे यायचं. ती जन्मांध होती. डोळ्यांवाचून पुस्तक नीट वाचता येतं का, हे तपासून दाखला देणं हे तिचं काम. असा दाखला नसेल, तर सरकारी ग्रंथालयं पुस्तक घेत नसत.

स्पर्शपट्टीवर बारीक टाचण्या वरखाली होत आणि त्यांतून ब्रेलची अक्षरं उमटत. पण हे 'सजीव पुस्तक' होतं. यात चित्रंही उमटत होती. गोष्ट एका नावाड्याच्या मुलीची. 'नदी गावाला वळसा घालून जाते' असलं वाक्य सुमेधानं आयुष्यात पन्नासदा वाचलं असेल. वळसा म्हणजे काय, ते तिच्या बोटांना आज कळलं. कानात वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज. एखादा शब्द अडला, तर दाबायचा. अर्थ ऐकू यायचा.

सातव्या प्रकरणात पूर आला, नाव उलटली, मुलीचा बाप वाहून गेला. बासरीच्या हळुवार सुरांत सगळं दीड पानात आटोपलं. आठव्या प्रकरणात सांत्वनाला आलेल्या बायकांपासून ती मुलगी आपले तळहात लपवत होती.

का लपवते? सुमेधा मागे गेली, पुन्हा वाचलं. कारण कुठेच नव्हतं. मग तिनं लेखिकेची मूळ संहिता उघडली. तिथे सातवं प्रकरण अकरा पानांचं होतं. नावेचा दोर मुलीच्या हातात होता. तळहात सोलवटून निघाले तरी तिनं तो धरून ठेवला होता. आणि मग सोडला होता.

सुमेधा तडक संचालकांच्या खोलीत गेली. निरंजन कुलथे चहा पीत होते.

"सर, अकरा पानांचं दीड पान कुणी केलं?"

"पुस्तकानंच," कुलथे म्हणाले. "बोटातून ते तुमची नाडी बघतं. वाचक बेचैन होऊन पुस्तक मिटेल असं वाटलं, की मजकूर सौम्य करतं. पडद्यावर वाचणाऱ्यांसाठी दोन वर्षं चालूच आहे. तिथे डोळ्यांच्या बाहुल्या बघतं. अहो, पूर्वी निम्मे लोक मध्येच सोडायचे. आता शंभरातले नव्वद शेवटापर्यंत पोचतात."

"पोचतात, की पोचवले जातात?"

"लेखिकेची करारावर सही आहे, सुमेधाताई."

"वाचकाची आहे?"

"तुमच्यासारख्यांना सोपं जावं म्हणून तर आता स्पर्शपट्टीवरही आणलं!"

सोपं! आठ वर्षांची असताना सुमेधा मिरजेच्या वसतिगृहात होती. आई गेली तेव्हा सगळे तिला 'आई मामाकडे गेलीय' असं सांगत राहिले. तीन आठवडे. पोरीला झेपणार नाही म्हणून. तोवर तेरावंही उरकलं होतं, आणि रडायला तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

"मला काय झेपतं ते आजवर दुसऱ्यांनीच ठरवलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिनं तो उतरवला नाही. "आता पुस्तकंही ठरवणार? नदी राहू दे, वल्ही राहू देत. शब्दांचे अर्थही हवेत मला. पण न विचारता जे काढून घेतं, त्याला मी दाखला देणार नाही."

"शुक्रवारी प्रकाशन आहे. दाखला दुसऱ्या कुणाकडूनही मिळेल मला. आणि तुमचा करार मार्चमध्ये संपतोय."

"संपू दे. तुम्ही वाचलीत ही कादंबरी?"

"दोनदा."

"मग ती मुलगी तळहात का लपवते?"

कुलथ्यांनी कप खाली ठेवला. "संकोच असेल. गरिबाघरची पोर..."

"बसा," सुमेधा म्हणाली.

तिनं स्पर्शपट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली, मूळ संहिता लावली आणि बोटं फिरवत मोठ्यानं वाचायला लागली. फोन वाजला, कुलथ्यांनी तो बंद केला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ते हललेही नाहीत. दोर सुटताना बापानं मुलीकडे बघून मान हलवली होती. 'सोड' म्हणून की 'सोडू नको' म्हणून, ते तिला जन्मभर कळलं नाही. शेवटचं पान संपलं. समोरून नाक ओढल्याचा आवाज आला.

सुमेधानं तपासणीचा अर्ज उघडला. 'नामंजूर' असं लिहिलं, खाली कारण लिहिलं आणि पाठवून दिला. कुलथ्यांनी तिला अडवलं नाही.

"हे सौम्य करणं कच्च्या वाचकांसाठी असतं, असं वाटायचं मला," ते म्हणाले. "दोन वर्षं मी त्याच पडद्यावर वाचतोय, सुमेधाताई. आवडलं म्हणून कितीक लेखकांना पत्रं लिहिली. त्यांतलं एक तरी पुस्तक मी खरंच वाचलंय का हो?"