उलटा वाहणारा चर

"ताई, धाव! माझी कागदी होडी उलटी येतेय!"

विराजची हाक ऐकून चारुता तंबूतून बाहेर आली. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन शहरातून सुट्टीला आलेल्या या भावंडांनी मास नदीकाठच्या कुरणात आईबाबांबरोबर तंबू ठोकला होता. कुरणातल्या चराचं पाणी रोज बांधाखालच्या मोरीतून नदीला मिळायचं. आज मात्र ते नदीकडून तंबूंकडे येत होतं!

"बाबा, चर उलटा वाहतोय!"

"वाऱ्यामुळे वाटत असेल गं," पत्त्यांतून मान वर न करता श्रीनिवास म्हणाले. "आभाळ बघ, ढगाचा ठिपका नाही!"

आभाळ खरंच निळंशार होतं. पण चारुताला ओदील आजींचं बोलणं आठवलं. कुरणाच्या मालकीण असलेल्या ओदील आजी मूळच्या फ्रान्सच्या. तिथेही हीच नदी, फक्त तिकडे तिला मझ म्हणतात. वळणावरच्या त्यांच्या चिमुकल्या गावाचं नाव व्हिय-गे, म्हणजे 'जुना उतार'. एके काळी बैलगाड्या तिथल्या उथळ पाण्यातून नदी ओलांडत, म्हणून तर गाव वसलं. पुढे पूल झाला, लढाईत उडवला गेला, पुन्हा बांधला. एका अंगाला खडूसारखी पांढरी टेकडी, दुसऱ्या अंगाला सखल कुरणं. टेकडीवर पाऊस कोसळला की धुण्याच्या घाटाच्या पायऱ्या बुडत आणि तेच पाणी काही दिवसांनी इथे येई.

"विराज, पाऊस इथे नाही, तिकडे वरती पडलाय! नदी चढतेय!"

"पण मोरीला तर झडप आहे ना? नदी चढली की ती आपोआप मिटते, आजीच म्हणाल्या होत्या!"

दोघं बांधाकडे पळत सुटली. लोखंडी झडप सताड उघडी होती! तिच्यात एक जाड ओंडका अडकला होता आणि ओंडक्याला निळा दोर बांधलेला होता.

"ताई, हा तर आपला दोर! काल बाबांनी रबरी होडी इथूनच..."

"गप्प बस!" चारुताचे कान तापले. बाबांनी होडी न्यायला ओंडका लावून झडप उघडी ठेवली आणि तो काढायला विसरले! ओंडका तर दोघांना हलेना. तिने घाईघाईने दोर सोडून खिशात कोंबला. "कोणाला सांगायचं नाही, कळलं?"

तिने विराजला ओदील आजींकडे पिटाळलं. स्वतः बाबांकडे गेली. खरं सांगून ते उठणार नव्हते.

"बाबा, बांधापाशी लोक जमलेत, आपल्या होडीची चौकशी करतायत!"

पत्ते टाकून बाबा धावत निघाले. बांधावर पोचले तेव्हा पाणी पहिल्या तंबूला टेकलं होतं! ओदील आजी, शेजारचे शेतकरी, बाबा, सगळ्यांनी मिळून हिसका दिला. ओंडका सुटला, झडप धाडकन मिटली!

"शाबास, मुलांनो!" ओदील आजींनी दोघांना जवळ घेतलं. "मी शाळेत भूगोल शिकवायचे. माझ्या गावाबद्दल इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नव्हतं!"

"हा ओंडका म्हणजे त्या पलीकडच्या शेतावरच्या पोरांचं काम," एक शेतकरी गुरगुरला. "आजच त्यांच्या घरी जातो!"

पाठीवरचा ओदील आजींचा हात चारुताला चटका बसावा तसा लागला. बाबा पायांकडे बघत होते. ते का बोलत नाहीत?

"त्या मुलांनी नाही केलं!" तिने दोर बाहेर काढला. "हा आमचा आहे."

बाबा पुढे आले. "ओंडका मी लावला होता. मघाशी पोरगी सांगायला आली, तर मी मानही वर केली नाही. माफ करा."

"खरं सांगायला धीर लागतो," ओदील आजी चारुताला म्हणाल्या. "चला, आता तंबू वर हलवू या!"

सामान उचलून बांध चढताना बाबा हळूच म्हणाले, "आज फार लाज वाटली गं मला."

"मलाही."

"तुला कशाची?"

"मी ते लपवणार होते, बाबा. त्या मुलांचं नाव निघालं नसतं, तर बोललेच नसते."

बाबांनी तिच्या खांद्यावरचं ओझं आपल्याकडे घेतलं. ती रडत होती आणि त्यांनी तिला रडू दिलं.