तेवीस माणसं आणि एक ओळ

"दाजी, माणसं चोरीला गेली."

"किती?"

"बावीस. एक शिल्लक हाय."

रोह्याचे निवृत्त पोस्टमास्तर दाजी यांनी चहाची बशी खाली ठेवली. तीस वर्षं लोकांची पत्रं न उघडता ओळखण्यात गेल्यामुळे त्यांचा कोणावरच विश्वास उरला नव्हता. पण एस्थरबाईंचा फोन, म्हणजे प्रकरण खरं असणार. त्यांनी पेणची एसटी धरली.

खांबच्या पुढच्या वाडीत ज्यूंचं एक लहानसं प्रार्थनाघर, सिनेगॉग आहे. एस्थरबाई आणि त्यांचे यजमान इझिकेल ते सांभाळतात. तिथं चामड्यावर हातानं लिहिलेली दीडशे वर्षांची सेफर तोरा, धर्मग्रंथाची गुंडाळी आहे. ती बाहेर काढून वाचायला धर्माच्या नियमानं दहा पुरुष हजर लागतात, आणि वाडीत उरलाय एकटा इझिकेल; बाकी घरं केव्हाच परदेशी गेली. सिनेगॉगच्या मुंबईतल्या ट्रस्टनं फर्मान काढलं, की या सणाला येणाऱ्यांनी वेबसाइटवर फॉर्म भरावा. रविवारी दुपारी बारापर्यंत दहा पुरुषांची नोंद झाली तर तोरा वाडीत राहील, नाहीतर मुंबईला जाईल.

आज रविवार होता. आणि नोंद होती एक.

पेणला गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर वेबसाइट करून देणाऱ्या जितेशचं ऑफिस होतं. दाजी पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. जितेश घामाघूम. एस्थरबाई पर्स मांडीवर धरून बसलेल्या. तिसरे होते मुंबईहून आलेले ट्रस्टी जोशुआ. त्यांनी टेम्पो खाली उभा केला होता आणि पाव किलोमीटर बबलरॅप सोबत आणलं होतं.

"साहेब फारच आशावादी दिसतात," दाजी म्हणाले.

"मी तयारीचा माणूस आहे."

"वेबसाइटचा पासवर्ड कोणाकडं हाय?"

"माझ्याकडे आणि जितेशकडे," जोशुआ म्हणाले. "पण मी काहीही पुसलेलं नाही. गुरुवारी यादी छापून घेतली, आज सकाळीही घेतली. हे पाहा."

दाजींनी दोन्ही कागद शेजारी धरले. गुरुवारची यादी: तामार, गाव अश्दोद. आजची यादी: नथानियल, गाव बिरशेबा. दोन्हींवर एकच ओळ. मोबाइल नंबर मात्र दोन्हींवर ४१७ वर संपणारा.

"तामारला कोणी खाल्लं?"

"मी हातपण लावला नाय, दाजी!" जितेश म्हणाला. "फॉर्म भरला की नोंद आपोआप शीटमध्ये जाते. डोलवीच्या क्रिकेट स्पर्धेला हाच फॉर्म चालवलेला. एक तक्रार नाय."

"तेव्हा नंबर किती आकडी लागायचा?"

"दहा. आपला इथला. भरणाऱ्याला पोचपावतीचा मेसेज जातो ना."

"एस्थरबाय, माणसांनी फॉर्म भरले हे तुला कसं ठाऊक?"

"एकेकाला फोन केलाय मी. आमचे हे धरून तेवीस जण म्हणाले, भरला. साहेब म्हणतात, फोनवरचं चालत नाय, लेखी पायजे."

"नियम आहे," जोशुआ म्हणाले.

"नियमच तो. टेम्पोचं भाडं किती तासांचं ठरवलंत?"

जोशुआ खिडकीतून खाली टेम्पोकडं बघायला लागले. दाजींनी ते मनात टिपून ठेवलं.

एवढ्यात एस्थरबाईंच्या पर्समध्ये टुंग झालं.

"कोण गो?"

"कंपनीवाले. दिवसभर छळतात. मी गुड मॉर्निंगच्या पुढचं वाचतच नाय."

दाजी हळूच वळले. "जितेश, यादी परत उघड."

जितेशनं उघडली आणि त्याचा चेहरा पडला. नथानियल गायब. त्याच्या जागी शीरा, गाव दिमोना. ओळ एकच.

"माझे दोन्ही हात टेबलावर होते," जोशुआ घाईनं म्हणाले.

"बघितले मी. जितेशचेपण बघितले. दोघंही निर्दोष, याचं मला वाईट वाटतं." दाजींनी चष्मा पुसला. "गुन्हेगार मात्र याच खोलीत हाय. पर्स उघड, एस्थरबाय."

"माझी?"

"मोबाइल काढ. नंबर कितीवर संपतो?"

एस्थरबाईंचा आवाज खाली आला. "चारशे सतरा."

"आता ऐका. परदेशातल्या माणसाकडं आपला दहा आकडी नंबर नसतो. फॉर्म पुढं जाईना, तेव्हा सगळ्यांनी हिला विचारलं. ही काय म्हणाली असेल?"

"माझा टाका म्हटलं," एस्थरबाई म्हणाल्या. "गॅसला माझा, रेशनला माझा, अख्ख्या वाडीचा माझाच नंबर असतो! त्यात काय चुकलं?"

"काय नाय. जितेश, क्रिकेटवाल्यांनी तुला काय करायला लावलेलं?"

जितेशनं कपाळाला हात लावला. "एकाच टीमनं सात अर्ज भरलेले. म्हणून नियम घातला. एका नंबरावर एकच नोंद. नवी आली की जुनी जाते."

"म्हंजे प्रत्येक नवा पाहुणा आधीच्याला बाहेर काढत होता. आणि पोचपावत्या सगळ्या हिच्या पर्समध्ये."

मेसेज मोजले. चोवीस: तेवीस आधीचे, एक आत्ताचा. 'धन्यवाद तामार', 'धन्यवाद नथानियल', सगळे जागेवर. वेबसाइटनंच पाठवलेले, तारीखवेळेसकट. जितेशनं नियम काढला आणि नावं परत चढवली. जोशुआंनी एकेक ताडून पाहिलं. माणूस नियमाचा होता, त्यामुळे नाही म्हणता येईना.

"मान्य," ते म्हणाले. "पण यात बायका पंधरा. पुरुष, इझिकेल धरून, नऊ."

खालच्या कारखान्यात कोणीतरी सोंडेवर पॉलिश कागद घासत होतं, तेवढं ऐकू येत होतं. अकरा पन्नास.

एस्थरबाईंनी पदर तोंडाला लावला. "माझ्याच नंबरानं घात केला म्हणायचा. आता परत कोणाला गाठू? तिकडं रविवारची सुटी नसते, सगळे कामावर असतील."

"साहेब," दाजी म्हणाले, "तुम्ही फॉर्म भरलात?"

"मी? मी ट्रस्टी आहे."

"ट्रस्टी पुरुषांत मोजत नाय?"

जोशुआंनी घड्याळाकडं पाहिलं, मग एस्थरबाईंकडं, आणि तिथं जास्त वेळ पाहिलं. "मी शेवटचा वाडीत सणाला आलो तेव्हा अकरा वर्षांचा होतो," ते म्हणाले. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही. मग खुर्ची ओढून त्यांनी फॉर्म भरायला घेतला. नंबर स्वतःचा टाकला.

"दहा," जितेश स्क्रीनवर वाचून म्हणाला. अकरा छप्पन्न.

एस्थरबाईंनी डोळे पुसले आणि ताबडतोब कामाला लागल्या. "जोशुआ, उतरायचं आमच्याकडं. बायकोला घेऊन ये. आणि मलिद्याच्या गोड प्रसादाला मुंबईचे पोहे आणशील तर दारात उभा करणार नाय."