अकरा तावदाने

मंगळवार, १५ मार्च १९९४, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. कारखान्याच्या दाबमापक-तपासणी खोलीत नऊ माणसे कामाला बसली होती आणि खिडक्यांना अकरा तावदाने होती. पावणेअकराला एकही तावदान शाबूत नव्हते.

ती फोडणारा त्याच खोलीतला सर्वांत जुना तपासनीस होता. सव्वीस वर्षांत त्याचा आवाज कधी चढला नव्हता, म्हणून सगळे त्याला थंडोबा म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको बाईंकडे आली. बाई इस्पितळाच्या दफ्तरखान्यातून निवृत्त झाल्यापासून खाजगी तपासाची कामे घेत. त्यांचे जुने स्नेही, एक आरेखक, शेजारी बसून टिपणे काढत.

"त्यांना मनोरुग्णालयात कोंडलंय," ती म्हणाली. "कारखाना म्हणतो, दारू. मला वाटतं, कुणीतरी काहीतरी पाजलं. नोकरी गेली तर जाऊ दे. पण माझा माणूस असा नाही, एवढं मला कुणीतरी सांगा."

"कधीपासून बिनसलं, वहिनी?"

"शनिवारी अंगात कणकण होती. रविवारपासून नुसत्या येरझाऱ्या. तीनदा चहा केला, तिन्ही वेळा मोरीत ओतला. म्हणे, करपलाय. चहा कधी करपतो का? बढतीची यादी लागायची होती ना, त्या काळजीनं ओठावर फोडही उठले. जरा ताण आला की त्यांना ते उठतातच."

आरेखकांनी 'चहा' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

कारखान्यात बाई आधी मागच्या अंगणात गेल्या. सगळ्या काचा तिथे विखुरल्या होत्या. खोलीत मात्र टेबलांवरची चाळीसही दाबमापके जागच्या जागी होती. एकालाही ओरखडा नव्हता.

"यादीत त्याचं नाव नव्हतं," विभागप्रमुख म्हणाले. "तो राग काचांवर निघाला."

"यादी किती वाजता लागली?"

"साडेअकराला." ते थबकले. "आधीच कुणकुण लागली असेल. त्यात खोलीच्या गॅसची मुख्य चावीही कुणीतरी बंद करून ठेवलेली. अर्धा दिवस काम बंद."

शेजारच्या टेबलावरच्या तपासनिसाचे कोपर खरचटले होते. बढती त्याला मिळाली होती.

"मला स्टुलावरून ओढून दाराबाहेर ढकललं," तो म्हणाला. "'बाहेर, बाहेर', एवढंच."

"तोंडाला दारूचा वास?"

"खोटं कशाला बोलू? नव्हता. हात मात्र तापलेले होते. आणि दाबमापकाला घड्याळ म्हणत होता, बाई. सव्वीस वर्षं काचेवर टिचकी मारून आकडा सांगणारा माणूस."

बाहेर आल्यावर आरेखक हलकेच म्हणाले, "बढती याला, आणि चहाही हाच आणून देत असणार. जुळलं की."

"रविवारचा चहा घरचा होता."

"म्हणजे वहिनींनीच?"

"तुम्ही चहा धरून बसलात," बाई म्हणाल्या. "वास सोडून दिलात. चला, वेळ नाही. विभागप्रमुखांनाही सोबत घ्या."

मनोरुग्णालयाच्या डॉक्टरांपुढे बाई खुर्चीवर टेकल्यासुद्धा नाहीत.

"रागावलेला माणूस हाताशी असेल ते फेकतो. यानं चाळीस यंत्रांना धक्का लावला नाही. फोडली ती फक्त तावदानं, तीही काच बाहेर पडेल अशी. गॅसची चावी बंद केली. शेजाऱ्याला दाराबाहेर काढलं. यादी तर तेव्हा लागलीच नव्हती. गॅसचा वास आला की जे करायचं, ते सगळं यानं केलं."

"पण वास नव्हता," विभागप्रमुख म्हणाले.

"तुम्हाला नव्हता. त्याला रविवारपासून नाही ते वास येत होते. चहातसुद्धा."

डॉक्टरांनी मान वर केली.

"ताप, नसलेला वास, हरवलेला शब्द, आणि शांत माणसाला एकाएकी आलेली बेचैनी. असे कागद मी दफ्तरात दोनदा लावलेत. ओठावर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू क्वचित मेंदूला सूज आणतो. फोड हा पुरावा नाही, ते कितीतरी लोकांना उठतात. पण सगळे म्हणतात, बेचैनीमुळे फोड. बेचैनीच त्या विषाणूमुळे असेल तर? पाठीतलं पाणी तपासा, डॉक्टर. आणि अहवालासाठी औषध थांबवू नका."

"ताप कालच नोंदला होता," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "आरडाओरड्यानं चढला असेल, असं धरलं." त्यांनी टेलिफोन उचलला.

अहवालाने बाईंचे म्हणणे खरे ठरवले. कारखान्याने तक्रार मागे घेतली. त्याला मोठ्या इस्पितळात हलवून एकवीस दिवस औषध दिले. पण ते सुरू व्हायला दीड दिवस उशीर झाला होता.

"तुमचा माणूस तसा नव्हता, वहिनी," बाईंनी तिला सांगितले. "आठ जणांना वाचवायला त्यानं काचा फोडल्या."

"हे आता त्यांना कोण सांगणार?" ती म्हणाली.

८ एप्रिलला ती त्याच्या खाटेपाशी गेली, तेव्हा आरेखक मागे उभे होते. चहाखालच्या त्या दोन रेघा त्यांनी खोडल्या होत्या, तरी तिच्या नजरेला नजर देणे त्यांना जमत नव्हते.

"बसा ना," तो अदबीने म्हणाला. "आपण कुणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच."

त्याने संकोचून मान हलवली. मग त्याची नजर खाटेशेजारच्या प्राणवायूच्या सिलिंडरवर गेली. हात आपसूक पुढे झाला. त्याने दाबमापकाच्या काचेवर हलकी टिचकी मारली आणि तिला सांगितले, "एकशे अठरा."

आरेखकांनी वाकून पाहिले.

११८.