बेडोकचे बारा घोडे

टक्, टक्, टक्. अंकुरनं घोड्याच्या पोटावर बोटं आपटली आणि कान लावून ऐकलं.

"लाकूड! ताई, शंभर टक्के लाकूड!"

"हळू बोल," इरा म्हणाली. पण तिनं स्वतःही शेजारच्या घोड्यावर बोटं आपटून पाहिली. सुट्टी लागल्यापासून त्या दोघांनी आणि त्यांचा मित्र उज्ज्वल यानं सिंगापुरातले सात मेरी-गो-राउंड शोधून काढले होते आणि सातही असेच ठोकून पाहिले होते. सातही फायबरचे निघाले. बेडोकच्या मॉलसमोरच्या चौकातला हा आठवा होता. एकाच वर्तुळात बारा घोडे, आणि बाराही लाकडी.

इराला जुन्या लाकडी मेरी-गो-राउंडचं वेड दोन वर्षांपूर्वी मेलबर्नच्या सहलीत लागलं होतं. तेव्हापासून ती एका जाड वहीत देशोदेशीच्या मेरी-गो-राउंडचे फोटो चिकटवत असे. अंकुर तिचा धाकटा भाऊ. त्याला घोड्यांपेक्षा ठोकण्यात जास्त रस होता. उज्ज्वल इराच्या वर्गातला, नागपूरच्या इंजिनीयर वडलांचा मुलगा, बोलायला कमी आणि बघायला पक्का.

"पण हे ते घोडे नाहीत," उज्ज्वल म्हणाला.

तिघांचे चेहरे उतरले. कारण ते इथं नुसती गंमत बघायला आले नव्हते. त्यांना सेंग अंकलनी पाठवलं होतं.

हौगांग भागात मुलांच्याच बिल्डिंगमध्ये राहणारे सेंग अंकल चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मार्केटमध्ये पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि सध्या ते व्हीलचेअरवर होते. हा मेरी-गो-राउंड त्यांच्या वडलांचा. वडलांनी तो खास इंग्लंडहून आणवला होता. पुढे चाळीस वर्षं तो एका गोदामात खोक्यांत पडून राहिला. आता ते गोदामच पाडलं जाणार होतं. मॉलनं डिसेंबरच्या सुट्टीपुरता तो मांडायचं कबूल केलं, आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून अंकलनी कागदावर सही करून दिली होती: लोकांना आवडला तर कायमचा ठेवा, नाही आवडला तर मोडीत काढा.

"प्रत्येक घोड्याच्या मानेवर वडलांनी घरातल्या एकेकाचं नाव सोनेरी रंगानं लिहिलंय," अंकल म्हणाले होते. "खोगिरावर लाल गुलाब. एका पांढऱ्या घोड्यावर माझ्या आईचं नाव आहे. सू लान. तिचा एक फोटोसुद्धा उरला नाही, बघा. नावच उरलंय तेवढं. मला बाहेर पडायला डॉक्टर शनिवारशिवाय सोडणार नाहीत. तुम्ही जाऊन बघून या, ओके लाह?" शेवटचा 'लाह' खास सिंगापुरी.

आणि इथं तर ना नाव होतं, ना गुलाब. मळकट अंगाचे, साध्या खोगिरांचे बारा घोडे उजवीकडे तोंड करून उभे होते. बसायलाही कुणी नव्हतं. मुलं शेजारच्या आइस्क्रीमवाल्याकडे धावत होती.

"ए, हात नका लावू!" मॉलचे मॅनेजर प्रतापकाका मोबाइल कानाला लावूनच आले. मुंबईचे होते आणि मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी दिसायचे, त्यामुळे मुलं त्यांना ओळखत होती. "शनिवारी सकाळी हे मोडीत न्यायला लॉरी येतेय. हा पसारा गेला की इथं हवेचा किल्ला बसवणार आहोत."

अंकुरचं डोकं तापलं. "खरे घोडे कुठे आहेत? तुम्ही बदललेत ना?"

प्रतापकाकांनी फोन खाली घेतला. ते लालबुंद झाले होते. "म्हणजे मी चोर? चला, निघा इथून. आणि पुन्हा त्या घोड्यांबद्दल एक अक्षर ऐकून घेणार नाही मी."

बसमध्ये इरानं भावाला चांगलंच फैलावर घेतलं. "शाबास! एकच माणूस आपल्याला मदत करू शकत होता, त्यालाच तू चोर ठरवलंस."

"सॉरी लाह," अंकुर पुटपुटला. तो खरोखर ओशाळला होता.

त्या संध्याकाळी सेंग अंकलना काय सांगायचं हे कुणालाच कळेना. शेवटी इरा त्यांना "नीट पाहायचं राहिलं, उद्या पुन्हा जातो" एवढंच म्हणाली. अंकलनी मान डोलावली आणि आईच्या नावाचा घोडा पांढरा आहे, हे पुन्हा एकदा सांगितलं. इराला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिघं प्रतापकाकांच्या जेवणाच्या वेळी गेले. घोड्यांवर बसायला तर कुणाची मनाई नव्हती. उज्ज्वलनं तिकीट काढलं. मेरी-गो-राउंड चालवणाऱ्या दादांनी त्याला बाहेरच्या बाजूनं उचलून एका पांढरट घोड्यावर बसवलं. पट्टा लावला. बटण दाबलं.

पहिला फेरा झाला, दुसरा झाला. उज्ज्वल कपाळाला आठ्या घालून बसला होता. तिसऱ्या फेऱ्यात तो ओरडला, "इरा, हा उलटा फिरतोय!"

"उलटा म्हणजे?"

"आम्ही स्तूपाला प्रदक्षिणा घालतो ना, तेव्हा मधली गोष्ट नेहमी उजव्या हाताला असते. इथं मधला खांब माझ्या डाव्या हाताला आहे! मला मघापासून कसंतरीच होतंय."

"मेरी-गो-राउंडला कसली आलीय प्रदक्षिणा?" अंकुर हसला.

इरा मात्र हसली नाही. तिनं झटकन वही उघडली आणि पानं उलटायला लागली. इंग्लंडमधले फोटो तिनं एकत्र चिकटवले होते. पहिल्या फोटोत घोडे डावीकडे पळत होते. दुसऱ्यातही डावीकडे. नऊच्या नऊ फोटोंमध्ये सगळे डावीकडे! आणि समोरचे बारा घोडे उजवीकडे पळत होते. घोड्यांची फक्त लोकांना दिसणारी बाजू सजवतात, हे तिला ठाऊक होतं.

"उज्ज्वल!" ती फिरत्या घोड्यामागे धावत सुटली. "आतल्या बाजूला वाक! डावीकडे! घोड्याची मान बघ!"

घोडे आणि मधला खांब यांच्यात जेमतेम एक माणूस मावेल एवढीच फट होती. उज्ज्वल पट्टा ताणून वाकला आणि तसाच वाकून राहिला. घोडा पूर्ण एक फेरा मारून आला तरी तो सरळ होईना. आला तेव्हा त्याचा चेहरा नुसता उजळला होता.

"गुलाब आहेत," तो म्हणाला. "लाल गुलाब. आणि मानेवर सोनेरी अक्षरं. इरा, मी सू लानवर बसलोय."

कुणी काही चोरलं नव्हतं. घोड्यांची सजवलेली बाजू आत गेली होती आणि साधी बाजू जगाला दिसत होती!

आता गोष्ट सोपी होती, पण प्रतापकाका अवघड होते. मुलांना पाहताच त्यांनी हात वर केला. "एक अक्षर नाही." आणि गेले आपले फोनवर बोलत. शुक्रवारी सकाळीही तेच. लॉरी यायला एक दिवस उरला होता.

"ऐकत नाहीत ना? मग बोलायचंच नाही," इरा म्हणाली. "त्यांना दाखवायचं. ते फटीत शिरले पाहिजेत."

"ते कशाला शिरतील?"

इरा भिंतीवरच्या पाटीकडे बघत होती. सिंगापुरात पाटी नाही अशी भिंत सापडणं कठीण. ही पाटी सांगत होती की खांबाजवळच्या जागेत मॅनेजरशिवाय कुणीही जायचं नाही. मग तिनं अंकुरच्या पायांकडे बघितलं.

"नवी चप्पल आहे," अंकुर सावधपणे म्हणाला.

"काकांना चोर कोण म्हणालं होतं?"

अंकुर गुपचूप घोड्यावर जाऊन बसला. दुसऱ्याच फेऱ्यात त्याची डावी चप्पल सुटली आणि फटीत पडली. मग त्यानं जो गळा काढला, तो आइस्क्रीमवाल्यापर्यंत पोचला. चालवणाऱ्या दादांनी घोडे थांबवले, पाटीकडे बोट दाखवलं आणि मॅनेजरना फोन केला.

प्रतापकाका आले. नियम म्हणजे नियम, तो मोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पोट आत ओढून ते फटीत शिरले. खाली वाकले. चप्पल घेऊन सरळ झाले आणि पुढच्या घोड्याच्या मानेसमोर त्यांचं नाक आलं.

मग चप्पल हातात घेऊन ते एकेक घोडा बघत पूर्ण फेरा मारून बाहेर आले. अंगावर धूळ होती. फोन वाजत होता आणि ते तो घेत नव्हते.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"काल," इरा म्हणाली. "सांगणार होतो, पण एक अक्षर बोलायचं नव्हतं."

"काका, मी तुम्हाला चोर म्हणालो ते चुकलं माझं," अंकुर एका पायावर उभा राहून म्हणाला.

"तुझं चुकलंच. आणि माझं त्याहून जास्त. महिनाभर इथं उभा आहे, पण एकदाही आत डोकावून पाहिलं नाही मी."

त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं पेटी उघडली आणि डोक्याला हात लावला. मोटारीच्या तीन वायरींपैकी दोहोंची अदलाबदल झाली होती, म्हणून मोटार उलटी फिरत होती. मोटार जिकडे फिरते तिकडे घोड्यांची तोंडं, असं धरून मांडणाऱ्यांनी सगळे घोडे बसवून टाकले होते! दुपारभर काम चाललं. वायरी बदलल्या, दांड्यांवरचे बाराही घोडे फिरवून बसवले. तिघांनी ओल्या फडक्यांनी गुलाब पुसले. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा बसायला इतकी मुलं आली की प्रतापकाकांना रांगेसाठी दोरी बांधावी लागली. लॉरीला त्यांनी स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं.

शनिवारी सेंग अंकल व्हीलचेअरवरून आले. सोबत मुलांचे आईबाबा होते. "या तिघांच्या आणि माझ्या डोळ्यांची," प्रतापकाका त्यांना म्हणाले, "अदलाबदल झाली असती तर बरं झालं असतं. हे घोडे आता इथून हलत नाहीत, अंकल. वरून लेखी परवानगी आली आहे."

उज्ज्वलच्या बाबांनी लेकाच्या पाठीवर थाप मारली. अंकल मात्र घोड्यांकडेच बघत होते. इरानं त्यांची खुर्ची कठड्याला नेऊन टेकवली. दादांनी पांढरा घोडा बरोबर त्यांच्यासमोर आणून थांबवला.

अंकलनी हात लांब केला. मानेवरच्या आईच्या नावावरून बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"आणखी थोडा वेळ थांबवू?" दादांनी हळूच विचारलं.

"नको, नको," अंकल म्हणाले. "चालू करा. ती एका जागी कधी थांबायचीच नाही."