दोन वाजून दहाची गोळी

बसा. दिवा राहू दे बंद, माझं काही अडत नाही. फक्त मध्येच कुणी फोन काढायचा नाही. ही गोष्ट माझ्या ओळखीतल्या एका बाईची आहे. तिनं ती मला स्वतः, माझ्या दुकानाच्या काउंटरपाशी उभं राहून सांगितली. पदरचं तिखटमीठ मी लावलेलं नाही, लावायची गरजच पडली नाही.

मंगळवार होता, अकरा तारीख. संध्याकाळचे पावणेसात. चौकात तेव्हा माझं औषधांचं दुकान होतं. ती सासूच्या गोळ्या न्यायला आली होती. गोळ्या पिशवीत घातल्या तरी बाई हलेना. गिऱ्हाईक पांगेपर्यंत थांबली आणि मग पर्समधून एक कागद काढला. त्यावर इंग्रजी अक्षरं उतरवून आणली होती. म्हणाली, "काका, याचा अर्थ सांगता? घरी विचारायचं नाहीये."

घरात तिला नवी म्हणत. लग्नाला वर्ष उलटलं होतं, तरी नवीच. कारण आधी एक होती ना. नवऱ्याची पहिली बायको दवाखान्यात नर्स होती, म्हणून घरीदारी सगळे तिला सिस्टर म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ती काविळीनं आठ दिवसांत गेली. जाण्याआधी कधीतरी तिनं सासूच्या औषधांचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला होता, आणि सगळं घर अजून त्या तक्त्याच्या भाषेत बोलत होतं.

सासू म्हणायची, माझी एचएस राहिली. नवरा विचारायचा, आईची बीडी झाली का? नवीनं पहिल्याच आठवड्यात सासूच्या उशीखाली काडेपेटी शोधली होती, आता बोला. मायलेक पोट धरून हसले. हसता हसता सासू म्हणाली, सिस्टरला सांगायला हवं होतं हे. ते नवीच्या जिव्हारी लागलं. जी मेली ती घरातली, आणि जी जिवंत ती पाहुणी. सिस्टरचा फोटो असता तर भिंतीकडे तोंड करून ठेवता आला असता. भाषेचं काय करणार? रात्रंदिवस ती आतल्या आत जळत होती. हा शब्द माझा नाही, तिचाच आहे.

मी कागद घेतला आणि सांगू लागलो. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एसी असेल तर जेवणाआधी, पीसी असेल तर जेवणानंतर. एचएस झोपताना. ही लॅटिन भाषेतली आद्याक्षरं आहेत, म्हटलं, ती भाषा आता कुणी बोलत नाही.

"आमच्या घरी बोलतात," ती म्हणाली.

शेवटची ओळ होती एसओएस, पुढे एस-एल. तिथं मी बोट ठेवलं. म्हटलं, हे नीट ऐक. एसओएस म्हणजे लागली तरच, आणि एस-एल म्हणजे जिभेखाली. छातीत दुखू लागलं की द्यायची गोळी आहे ही. बाकीच्या थोड्या मागेपुढे झाल्या तर निभावतं. हिला पाच मिनिटांचा उशीरसुद्धा नको. ती हो म्हणाली आणि झपाझप निघून गेली.

घरी जाऊन तिनं कोऱ्या कागदावर स्वतःचा तक्ता केला. स्वच्छ मराठीत. सकाळी, जेवणानंतर, झोपताना, छातीत दुखलं तर. नवऱ्याला पाणीपुरवठ्याच्या पंपावर रात्रपाळी होती. तो नऊला गेला. सव्वानऊला तिनं सिस्टरचा तक्ता फ्रिजवरून ओढला, त्या जागी आपला चिकटवला, आणि जुना फाडून कचऱ्यात टाकला. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून जिने उतरून कोपऱ्यावरच्या पिंपात नेऊन टाकला.

दहाला सासूची झोपतानाची गोळी दिली. म्हातारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली होती, तिची नजर फ्रिजवर गेली. सिस्टरचं अक्षर कुठं गेलं, तिनं विचारलं. जीर्ण झालं होतं आई, नवी म्हणाली. म्हातारी आपल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. नवीला जिंकल्यासारखं वाटलं. काका, इतकं हलकं वर्षभरात वाटलं नव्हतं, असं तिनंच मला सांगितलं.

आता घर कसं होतं ते लक्षात घ्या. तीन खोल्या, एकामागे एक. पुढे स्वयंपाकघर, मागे सासूची खोली, मधल्या खोलीत नवीची खाट. गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरात. म्हणजे डब्यापासून म्हातारीपर्यंत जायचं तर नवीच्या उशाजवळूनच जायला लागायचं.

दोनच्या सुमारास तिला जाग आली. आतून हाक आली होती.

"सिस्टर…"

नवी उठून बसणार होती. पण ते नाव ऐकलं आणि तिचं अंग आखडलं.

"सिस्टर… एसओएस दे गं…"

आवाज बारीक. श्वास लागलेला. नवीला सगळं कळत होतं. संध्याकाळीच तर कळलं होतं. माझ्या नावानं एकदा, फक्त एकदा हाक मारा, मी धावत येते, असं ती मनात म्हणत राहिली.

तिसरी हाक आली. पुन्हा तेच नाव.

आणि नवीनं पांघरूण डोक्यावर ओढलं. जिला बोलावताय तिलाच येऊ दे, तिच्या मनात आलं.

मग… काही नाही. हाक नाही, कण्हणं नाही.

स्वयंपाकघरात डबा उघडला.

नवीला वाटलं, नवरा आला असेल. पण दाराला आतून कडी होती. तिनंच लावली होती.

गोळीचं पाकीट वाजलं. टक्.

पावलं आली. रबरी तळव्यांची. घाई नसलेली. पांघरुणातसुद्धा स्पिरिटचा वास आला. पावलं उशाजवळून गेली… आत गेली. म्हातारी काहीतरी पुटपुटली. बराच वेळ गेला.

पावलं परत आली.

उशाशी थांबली.

नवीचा एक हात पांघरुणाबाहेर होता. आत घ्यायचं धैर्य नव्हतं. मनगटावर दोन बोटं टेकली. गार. दाबली नाहीत… नुसती टेकली. नाडी मोजताना ठेवतात तशी.

मग बोटं उचलली गेली.

उजाडेपर्यंत ती हलली नाही. उजाडल्यावर भिंतीला धरून आत गेली. सासू उशीला टेकून बसली होती, चेहरा स्वच्छ. तिनं नवीचा हात हातात घेतला. "वेळेवर आलीस गं. जीव वाचवलास माझा. त्या नावानं हाक मारली म्हणून राग धरू नकोस, सवयीनं तोंडात येतं." वर्षभरातलं पहिलं गोड बोलणं. खरं सांगावं तर काय सांगणार?

दुकान उघडतो न उघडतो तोच ती आली. आदल्या रात्रीचा स्वतःचा तक्ता फ्रिजवरून काढून आणला होता. काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "शेवटची ओळ वाचा."

'छातीत दुखलं तर' याच्यापुढे कुणीतरी निळ्या शाईनं इंग्रजीत लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं. एक गोळी, जिभेखाली, दोन वाजून दहा मिनिटं, दिली. पुढे दोन अक्षरं होती.

"ही तुम्ही काल शिकवली नाहीत."

मी म्हटलं, ही औषधाची नाहीत. नर्स गोळी देते तेव्हा पुढे स्वतःची आद्याक्षरं टाकते. जिनं दिली तिनंच टाकायची, दुसरीच्या नावानं कधीच नाही. ही सही आहे.

"कुणाची?"

तिला कळलं होतं. पण दुसऱ्या कुणीतरी ते म्हणायला हवं होतं. पहिलं अक्षर तुझ्या नावाचं, म्हटलं, आणि दुसरं तुमच्या घरच्या आडनावाचं. वेळेवर दिलीस, शाब्बास.

तेव्हा तिनं मला रात्रीचं सगळं सांगितलं. सांगून झालं तरी कागदावरचं बोट उचलेना. "मी उठले नव्हते, काका," ती म्हणाली. "आता तिचा राग तरी कसा करू?"

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सिस्टरच्या हातच्या चिठ्ठ्या मी दहा वर्षं वाचल्या होत्या. ते बारीक, डावीकडे कललेलं अक्षर मी अंधारातसुद्धा ओळखलं असतं. त्याच अक्षरात नवीची सही होती.