टेम्पोतली बाई सगळं सांगते

"ट्यूब फुगली! चला नदीवर!"

ट्रॅक्टरच्या टायरची जुनी ट्यूब गळ्यात अडकवून साई अंगणात नाचत होता. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि त्याची आतेबहीण वेदिका एकलहऱ्याहून सायखेड्याच्या मळ्यात राहायला आली होती. शेजारच्या मळ्यातली हर्षाली टॉवेल घेऊन केव्हाच हजर होती.

"परवा अशीच फुगली होती. पाण्यात गेल्यावर फुस्स!" हर्षाली म्हणाली.

"ट्यूबचा दोष नव्हता, तू बसलीस म्हणून फुटली!"

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि चतुराबाई आजी बाजारातून परत आली. ती रोज सकाळी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन नाशिकला जायची. गावातल्या सगळ्याच भाजीवाल्या योगेशकाकाच्या टेम्पोतून जात आणि वाटेत एकमेकींचे डबे फस्त करत. आजीच्या लसणाच्या चटणीवर तर उड्या पडत. तिचा डबा कधी भरलेला परत आला नव्हता.

वेदिकाने धुवायला डबा उघडला. भाकरी तशीच. चटणी तशीच!

"आजी, कुणीच खाल्लं नाही?"

आजीने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "शेजारी बसंना झाल्यात बाया. मी बसले की सरकून घेत्यात." मग तिने वेदिकाकडे रोखून पाहिलं. "तू कुणाला बोललीस?"

"मी? आजी, शपथ! कुणालाच नाही!"

"मग गावाला स्वप्न पडलं का?" आजी आत निघून गेली.

वेदिकाच्या हातातला डबा तसाच राहिला. सुट्टी लागली त्याच दिवशी ती आजीबरोबर शुभांगी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली होती. तिथे तिला कळलं, की आजीला क्षयरोग झाला होता आणि दोन महिन्यांपासून ती गोळ्या घेत होती. "आता यांच्यापासून कुणाला धोका नाही. गोळ्या मात्र पुऱ्या करायच्या," डॉक्टर म्हणाल्या होत्या. परत येताना आजीने तिचा हात दाबला होता. "मामा-मामीला ठाऊक हाय. गावाला नको. आता तुझ्या-माझ्यात." आणि आता आजीला वाटत होतं, की वेदिकानेच सगळीकडे सांगितलं!

नदी राहिली बाजूला. वेदिकाने दोघांना लिंबाखाली बसवलं.

"आजीची एक गोष्ट बाहेर गेलीय. कशी गेली ते शोधायचंय."

"कुठली गोष्ट?" साईने विचारलं.

"ती सांगणार नाही."

"वा! काय शोधायचं ते न सांगता शोधायचं!"

हर्षाली मात्र गंभीर झाली. "आमच्या लहानूआबांचंही तसंच झालंय. त्यांचीही एक गोष्ट गावभर झाली. ते आईवर रागावलेत. कुठली गोष्ट ते मीपण सांगणार नाही."

"मूळव्याध ना? सगळ्यांना माहितीय," साई म्हणाला आणि हर्षालीचा टॉवेल त्याच्या पाठीवर सप्पकन बसला.

"आबा कुठल्या दवाखान्यात जातात?" वेदिकाने विचारलं.

"शुभांगी डॉक्टरांच्याच!"

तिघं धावत दवाखान्यात गेली. बाहेर नवा फलक होता, 'आता सर्व नोंदी डिजिटल'. टेबलावर टॅब घेऊन ललितदादा बसला होता.

"ललितदादा, इथली माहिती बाहेर जाते का हो?"

"काय बोलताय!" ललित खुर्चीत ताठ झाला. "सगळं पासवर्डच्या आत असतं. डॉक्टर आणि मी, तिसरा माणूस नाही. निघा, पेशंट खोळंबलेत!"

"मग तुम्हीच सांगितलं असेल," साई पुटपुटला आणि तिघांनाही दाराबाहेर पडावं लागलं.

वाटेत लंकाबाई भेटली. ती आजीची टेम्पोतली शेजारीण.

"लंकामावशी, आमच्या आजीबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुणी नाय गं. कानावर आलं."

पुढे भेटलेल्या दोघीही तेच म्हणाल्या. कानावर आलं! उलट मळ्यावर दूध घ्यायला आलेल्या बाईला काहीच ठाऊक नव्हतं. ती आजीशी हसून बोलली. किराणावाल्यालाही ठाऊक नव्हतं.

वेदिका मधेच थांबली. "ज्यांच्या कानावर आलं त्या सगळ्या टेम्पोतून जातात. ज्या जात नाहीत, त्यांना पत्ताच नाही!"

"पण आजी रोज टेम्पोतच असते. तिच्यासमोर कोण बोलेल?" हर्षाली म्हणाली.

"टेम्पो आधी वेशीवर बायका घेतो, मग आपल्या मळ्यावर येतो. आजी शेवटी चढते!"

"म्हणजे उद्या नदी नाही," साईने ट्यूबची हवा सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं वेशीवर पोहोचली आणि फ्लॉवरच्या गोण्यांमागे लपली. बायका टेम्पोत जुड्यांजवळ बसल्या होत्या. योगेशकाका पलीकडे चहा पीत होता. त्याचा फोन केबिनमध्ये होता आणि मागे लावलेल्या मोठ्या स्पीकरवर अभंग चालला होता.

अचानक अभंग थांबला. स्पीकरमधून एक कोरड्या आवाजाची बाई बोलू लागली.

"आठवण. श्री लहानू. मूळव्याधीचे मलम लावण्याची वेळ झाली आहे."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हर्षाली गोणीमागून उठलीच! "आबांचं नाव!"

"आठवण," बाई पुन्हा सुरू झाली. "श्रीमती चतुराबाई..."

वेदिकाने टुणकन उडी मारली, केबिनचं दार उघडलं आणि दोन्ही हातांनी हॉर्न दाबून धरला. पोंऽऽऽ! कावळे उडाले, कुत्री भुंकू लागली, योगेशकाकाच्या हातातला चहा अर्धा शर्टावर गेला. बाईचं बोलणं संपेपर्यंत वेदिकाने हॉर्न सोडला नाही.

"अगं ए! टेम्पो हाय का खेळणं?" योगेशकाका धावत आला.

"काका, तुमचा फोन मेसेज मोठ्याने वाचतो!"

"वाचणारच. मीच तसं लावलंय. गाडी चालवताना बघायचं कसं? गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे बाजारभावाचे मेसेज माझ्याच नंबरवर येत्यात."

"भावाचेच नाही. दवाखान्याचेही येतात!"

योगेशकाकाने फोन उघडला. न वाचलेल्या मेसेजची रांगच रांग. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. "आयला! मी रोज या वक्ताला चहाला असतो. मला काय ठाऊक, ही बया माझ्यामागं काय बडबडते!" त्याने तिथल्या तिथे स्पीकर बंद केला.

वेदिकाला आठवलं. त्या दिवशी दवाखान्यात टॅबवर नवी नोंदणी करताना ललितदादाने आजीला फोन नंबर विचारला होता. आजी म्हणाली होती, "माझ्याकडं फोन नाय." तरी त्याने टॅबवर पटापटा आकडे दाबले होते!

"चला, आत्ताच्या आत्ता त्याला सांगू," हर्षाली म्हणाली.

"तो पुन्हा हाकलेल. त्याला ऐकवायला पाहिजे. पण आजीचं किंवा आबांचं नाव पुन्हा बाहेर यायचं नाही. आपल्यापैकी कुणाचं तरी दुखणं हवं."

दोघींनी एकदमच साईकडे पाहिलं.

"माझ्याकडे का बघताय?"

"काल पोट दुखतंय म्हणालास ना?"

"ते चिवडा खाऊन!"

"जंत असतील," हर्षाली गोड आवाजात म्हणाली.

दुपारी बाजारातून परतल्यावर योगेशकाकाने टेम्पो दवाखान्याच्या खिडकीशी लावला आणि स्पीकर पुन्हा चालू केला. जुने सगळे मेसेज त्याने आधीच पुसले होते. आत पाच-सहा पेशंट बसले होते.

"नाव? वय? तक्रार?" ललितने विचारलं.

"साई. अकरा." साईने आवाज खाली आणला. "जंत."

"फोन नंबर?"

"नाही."

ललितची बोटं टॅबवर पटापटा फिरली.

"दादा, हा कुणाचा नंबर टाकलात?" वेदिकाने विचारलं.

तो तोंड उघडणार, इतक्यात खिडकीबाहेरून गडगडाट झाला.

"नवीन नोंदणी. श्री साई. वय अकरा. तक्रार, जंत!"

सगळा दवाखाना खो खो हसला. रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा थांबून हसला. साईचे कान टोमॅटोसारखे लाल झाले. ललितचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. शुभांगी डॉक्टर आतून धावत बाहेर आल्या.

"हे काय आहे?"

वेदिकाने सगळं सांगितलं, फक्त पेशंटची नावं तेवढी गाळली.

"मॅडम, नंबर टाकल्याशिवाय ॲप पुढे जातच नाही," ललित चाचरत म्हणाला. "ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्यासाठी मी योगेशचा टाकत गेलो. त्याचा नंबर टेम्पोच्या मागेच लिहिलाय. बाजाराचे मेसेज त्याच्याकडेच जातात, म्हणून..."

डॉक्टर मटकन बाकावर बसल्या. "पासवर्ड लावला आणि खिडकी उघडी ठेवली आपण! ललित, सगळे मेसेज आत्ता बंद कर. उद्यापासून प्रत्येकाला विचारायचं. मेसेज हवा का, कुणाच्या फोनवर हवा. नको म्हणाला तर नको. आणि मेसेजमध्ये आजाराचं नाव येता कामा नये. यंत्र मी आणलं. हे मीच बघायला हवं होतं."

मग त्यांनी वेदिकाला एकटीला आत नेलं. "उद्या मी स्वतः टेम्पोतल्या बायकांना सांगते, की आजींपासून धोका नाही."

"नको, डॉक्टर!" वेदिका घाईने म्हणाली. "आधी आजीला विचारा ना."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "खरंच गं. मी तीच चूक पुन्हा करायला निघाले होते."

संध्याकाळी डॉक्टर मळ्यावर आल्या. त्यांनी आजीची माफी मागितली आणि झालेलं सगळं सांगितलं. आजीने ऐकून घेतलं आणि वेदिकाला जवळ ओढलं.

"पोरीवर उगाच आळ घेतला मी," ती म्हणाली. मग ती डॉक्टरांकडे वळली. "तुम्ही काय सांगू नका. माझं दुखणं हाय, माझ्या तोंडानं सांगते."

दुसऱ्या दिवशी तिन्ही मुलं आजीबरोबर टेम्पोत चढली. बायका सरकू लागल्या तशी आजी उभी राहिली.

"बायांनो, त्या फोननं सांगितलं ते खरं हाय. मला टीबी झालाय. गोळ्या चालू हायत. डॉक्टर म्हणल्या, आता माझ्यापासून कुणाला होत नाय. लपवलं, कारण तुम्ही अशा सरकाल हे ठाऊक होतं. अजून काय विचारायचं असंल तर मला विचारा."

टेम्पो खड्ड्यातून गेला, सगळ्या एकदम हलल्या.

"आम्हाला वाटलं, तुम्हीच योगेशला आठवण करून द्यायला सांगितलंय," लंकाबाई म्हणाली. ती आजीला खेटून बसली आणि तिने हात पुढे केला. "चुकलंच आमचं. चटणी आणली का, ते सांगा आधी!"

"हळू गं, पोरांना ठेव!" आजी हसत ओरडली, पण तोवर डबा तिसऱ्या हातात गेला होता.

त्या दिवशी लहानूआबांनी सुनेची समजूत काढली आणि मुलांना पेरूची पाटीच दिली. "मोठ्यांच्या ध्यानात आलं नाय, ते तुम्ही शोधलं. आणि कुणाचं नाव उघडं न करता!"

"माझं केलं ना, आबा!" साई कळवळून म्हणाला. गावातली पोरं त्याला आता श्री साई म्हणून हाक मारत होती. "आणि मला जंत नाहीतच!"

"बरं बरं," आबा म्हणाले, "आम्ही कुणाला सांगणार नाय!"

वेदिकाने मोरीवर डबा उघडला. आत चटणीचा कणही नव्हता.

"आजी, आम्हाला काहीच उरलं नाही!" ती ओरडली.

"मग ये, लसूण सोलायला बस," आजी आतून म्हणाली. "आणि सोमवारी दवाखान्यात जायचं हाय. तूच चल माझ्यासंगं."