गोकुळनं परवाना लिहिलाच नव्हता

"कोण हा माणूस? झोपलाय की मेलाय?" मी फोनवर जवळजवळ ओरडलेच. "आठ दिवस झाले मेल करून! नाव काय, तर म्हणे लासूरचा गोकुळ!"

क्रांती चौकातल्या टपरीवर चार माना वळल्या. शेजारच्या बाकड्यावरची पाचवी. उंच, सावळा, मांडीवर लॅपटॉप... आणि ओठांत दाबलेलं हसू.

"मेलेला नाय," तो म्हणाला. "चार्जर दुरुस्तीला आलोय. तो गोकुळ मीच."

दोन हजार सोळाचा एप्रिल. शहर बायपासपलीकडं पसरत सुटलं होतं आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी. मी, हिमानी, चौकाजवळच्या एका छोट्या कंपनीत ॲप बनवायचे. या गोकुळनं आमच्यासारख्यांसाठी एक भन्नाट टूल लिहून इंटरनेटवर ठेवलं होतं. ते ॲपला जोडलं की रेंज नसली तरी भरलेली माहिती फोनमध्ये जपली जायची, आणि रेंज आली की आपोआप पोचायची. आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

"पण त्याला परवानाच नाही," मी म्हटलं.

"फुकट ठेवलंय की. घ्या आन् वापरा."

"असं नसतं. तुम्ही लेखी परवानगी दिली नाही, तर कायद्यानं कुणालाच वापरता येत नाही."

"पाचोड गावची मंडळी पाण्याच्या टँकरच्या नोंदीला वापरतात... ते?"

"बेकायदा."

"माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळंच!"

त्याचा चेहरा असा काही पडला की मला हसू फुटलं. मग तोही हसला — डाव्या गालावर खळी. मी ती पाहिलीच नाही असं दाखवलं.

"मग शिकवा की मॅडम. कसा लिहायचा परवाना?"

झालं! दर शनिवारी तो पॅसेंजरनं यायचा. लिंबाच्या सावलीत रसवंती होती, तिथं आम्ही परवाने वाचत बसायचो. वर आभाळ कोरडं ठक्क, आणि मला मात्र शुक्रवारपासूनच कुठला ड्रेस घालू ते सुचायचं नाही.

"या परवान्यात घ्या, बदला, विका, फक्त लिहिणाऱ्याचं नाव ठेवा. या दुसऱ्यात घ्या, बदला, पण बदललेलं पुढं देताना तेही उघडं ठेवा, कुणालाही वाचता-बदलता येईल असं."

"हा लई चांगलाय. घेतलं तसं द्यायचं बी."

"कंपन्यांना नाही आवडत. त्यांना बंद करून विकायचं असतं."

"आन् तुम्हाला काय आवडतं?" त्यानं स्क्रीनवरून नजर उचलली.

"मला... उसाचा रस," मी घाईनं म्हटलं.

मे महिन्यात आमच्या विश्वजित सरांनी माझ्या हातात करार ठेवला. "तुझी गोकुळशी ओळख आहे. सही घेऊन ये. सगळे हक्क आपले."

लासूरच्या गाडीत मी तो वाचला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा कलम नऊवर अडकले. सही झाली की टूल फक्त कंपनीचं. स्वतः गोकुळनंही ते कुणाला द्यायचं नाही. पाचोडलाही नाही.

घरी त्याच्या आईनं, द्वारकाबाईंनी, तांब्याभर गार पाणी पुढं केलं. त्या दिवसांत तेवढं पाणी! मी एकच घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. गोकुळनं कागद घेतले आणि थेट शेवटचं पान उघडलं.

"वाचणार नाही?"

"तुम्ही आणलंय म्हंजी बघितलंच असंल की."

पेन कागदाला टेकणार तोच मी त्याचा हात धरला. घट्ट. "नका करू सही! पाचोडचं बंद पडेल... सगळ्यांचंच." मग मी एका दमात सांगत सुटले, "दोन परवाने ठेवा. जे आपलं काम उघडं ठेवतील त्यांना मोकळं. ज्यांना बंद ठेवून विकायचंय, त्यांनी तुमच्याकडून वेगळा परवाना विकत घ्यायचा. मालक तुम्हीच!"

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे."

हात अजून तसाच होता. दोघांच्याही एकदमच लक्षात आलं...

सही नाही, दोन परवाने, असं ऐकल्यावर विश्वजित सर तापले. "तू कुणासाठी काम करतेस?" तिसऱ्या दिवशी म्हणाले, "असं टूल नव्यानं लिहायला किती लागेल?"

"सहा महिने, सर."

गिऱ्हाईकाला ॲप द्यायची तारीख पंधरा दिवसांवर येऊन ठेपली होती. सरांनी सुस्कारा सोडला. "बोलव त्याला. वेगळा परवाना घेऊ."

गोकुळ इस्त्रीचा शर्ट घालून आला. सह्या झाल्या. त्यानं तिथंच लॅपटॉप उघडून टूलला दोन्ही परवाने जोडले आणि पाचोडला फोन लावला, "बिनधास्त वापरा आता!" मला टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं.

जिन्यात मात्र तो घुटमळला.

"आई रोज इचारती, ती पोरगी पुन्हा कधी येणार... म्हटलं, काम होतं, संपलं."

"मग?"

"म्हणली, बिनकामाची बोलव." त्यानं कठडा घट्ट धरला होता. "हिमानी, मला बी तू बिनकामाचीच यायला पाहिजेस... कायमची."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. आणि त्याचं त्यालाच कळलं नाही!

"लासूरची गाडी किती वाजता रे?" मी विचारलं.

"उद्या सकाळी..."

"आजची विचारतेय मी."

त्याला खळी पडली. मी पर्स आणायला दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाले.